पोश्या भगताची आण

आंबेशेतच्या भागीरथीबाईंना आरोग्य समितीवर घेतलं तेव्हा गावात कुणाला नवल वाटलं नाही. पंचायत समितीच्या सदस्य म्हणून त्या एकदा निवडून आल्या होत्या. पुढे मुदत संपली, निवडणुका लांबल्या, प्रशासक बसले आणि लोकांनी निवडून दिलेली माणसं आपापल्या शेतावर परतली. मग वर कुणाच्या तरी मनात आलं, की शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या मधला जो डोंगरपट्टा आहे, जो दोघांचाही आहे आणि म्हणून कुणाचाच नाही, त्याच्या आरोग्याचं नियोजन एकत्र करावं. त्यासाठी समिती निघाली. तिचं नाव इतकं लांबलचक होतं की खुद्द सचिवालाही ते कागदात बघून वाचावं लागे. साहेब मंडळी डझनभर, आणि पाड्यांवरच्या माणसांच्या वतीने बोलायला तिघं अशासकीय सदस्य. भागीरथीबाई त्या तिघांतल्या एक.

बाकीचे दोघे चहाला यायचे आणि चहा झाला की जायचे. भागीरथीबाईंनी मात्र ते काम अंगाला लावून घेतलं. त्यांचे यजमान सावळाराम चेष्टेनं म्हणायचे, की हिचं लग्न दुसऱ्यांदा लागलं, आणि या वेळी सरकारशी लागलं. त्या हसायच्या आणि चपला घालून मोहाच्या पाड्याची वाट धरायच्या.

मोहाचा पाडा आंबेशेतच्या वरच्या अंगाला, रानाला लागून. वस्ती सगळी ठाकरांची. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, गुडघाभर चिखलात बायकापोरं वाकलेली असताना, दरसाल कुणाला ना कुणाला पान लागायचं. साप हा शब्द तिथे कुणी उच्चारत नाही, पान लागलं म्हणतात, आणि विषाला ईख. आणि पान लागलं की माणसाला उचलायचं ते थेट पोश्या भगताच्या ओटीवर. आंबेशेतचं आरोग्य केंद्र डोंगर उतरला की समोर दिसायचं. पण त्या पायऱ्या चढायचं कुणाच्या मनातही येत नसे.

भगत म्हटलं की पिंजारलेले केस आणि तांबारलेले डोळे आठवतात. पोश्या तसा नव्हता. किडकिडीत, कमी बोलणारा, शर्टाची वरची गुंडी लावून बसणारा म्हातारा. भागीरथीबाई त्याच्याकडे पहिल्यांदा गेल्या त्या भांडायच्या तयारीनं. दोन पावसाळे त्या जात राहिल्या. भांडण काही झालं नाही, कारण पोश्या भांडायचाच नाही. त्या बोलायच्या, तो ऐकायचा, आणि निघताना त्यांच्या पिशवीत मूठभर करवंदं नाहीतर दोन काकड्या टाकायचा. शेवटी एकदा, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, तो स्वतःच बोलला.

"बाय, तुमाला सांगतो. ज्याला ईख चढला तो माझ्या हातान नाय वाचत. ज्याला चढलाच नाय तो वाचतो, नि नाव माझा व्हतो. बापापासून असाच चालत आला. पन मानसा दारात आनून टाकतात, तर हाकलू कशी?"

भागीरथीबाईंना त्या दिवशी पहिल्यांदा त्याची कीव आली. आयुष्यभर लोकांनी या माणसाच्या ओटीवर मरणारी माणसं आणून टाकली होती आणि नाही म्हणायची सोय त्याला कुणी ठेवली नव्हती. ती सोय त्यांनी करून दिली.

नवं भात घरात आलं तेव्हा पाड्यानं कणसरीची, धान्याच्या देवीची, पूजा मांडली. सुपात नवे तांदूळ, पुढे सगळा पाडा बसलेला. पोश्यानं तांदळावर हात ठेवून आण घेतली, की यापुढे पान लागलेल्याला मी हात लावणार नाही, सरळ दवाखान्यात धाडीन. पण अशी आण एकतर्फी घेत नाहीत. ज्याच्या शब्दावर आण घ्यायची त्यानंही त्याच तांदळावर हात ठेवायचा असतो. भागीरथीबाईंनी हात ठेवला आणि सगळ्यांच्या देखत शब्द दिला, की तुम्ही खाली आणा, तिथे विषावरची लस असेल. आणि ही आण मोडता येत नाही. सोडवायची झाली तर ज्याच्या शब्दावर घेतली त्यानंच तांदूळ हातात घेऊन मोकळं करायचं. तसा प्रसंग पाड्याच्या आठवणीत तरी आला नव्हता.

दोन वर्षं शब्द पाळला गेला, दोन्हीकडून. जना म्हातारीला घोणस चावली, ती आरोग्य केंद्रात चार दिवस काढून, सुजलेला पाय ओढत का होईना, स्वतःच्या पायांनी डोंगर चढली. कातकरवाडीचा एक गडी वाचला. केंद्रातल्या डॉक्टर मिताली रोज कल्याणहून आटगावला उतरून तिथून स्कूटरनं यायच्या. त्या समितीपुढे म्हणाल्या, की इथे भगत पेशंट पाठवतो हे बाहेर सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. भागीरथीबाईंना तो दिवस लग्नातल्यासारखा वाटला. पाड्यावरच्या बायका तापाची पोरं, पोटुशा सुना, सगळ्यांनाच खाली आणू लागल्या होत्या. सापाच्या वाटेनं बाकीचं सगळं येत होतं.

आणि मग ती बैठक झाली.

समितीच्या कामाची एक रीत होती. प्रत्येक ठरावाला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. विषय काय आहे हे बघून माणूस उभा राहावा, एवढा वेळ कुणाकडे होता? म्हणून सचिवानं पाळी लावून टाकली होती. या विषयाला या कोपऱ्यातला, पुढच्या विषयाला त्याच्या शेजारचा. पाळी आली की हात वर करायचा. कुणाला त्यात गैर वाटत नव्हतं. वर्गात हजेरी द्यावी तसं ते चालायचं.

भागीरथीबाई त्या दिवशी एकाच विषयासाठी आल्या होत्या. केंद्राला स्वतःची गाडी हवी, हा त्यांचा अर्ज अगदी शेवटी होता आणि तोवर साहेब उठून जाऊ नयेत एवढीच त्यांना काळजी. मधे एक विषय आला, औषधसाठ्याच्या सुसूत्रीकरणाचा. साहेबांनी पडद्यावर रंगीत खांब दाखवले. लहान केंद्रांत महाग औषधं पडून राहतात, मुदत संपून वाया जातात, आणि मोठ्या रुग्णालयात ऐन वेळी तुटवडा पडतो. तेव्हा असा साठा एकाच ठिकाणी, मोठ्या रुग्णालयात ठेवावा आणि रुग्णांना गाडीनं तिकडे न्यावं. ऐकायला शहाणपणाचंच होतं. अनुमोदकाची पाळी भागीरथीबाईंची होती. सचिवानं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी हात वर केला. त्या महाग औषधांत सापाची लस येते का, हे त्यांनी विचारलं नाही आणि त्यांना कुणी सांगितलंही नाही. गाडीचा विषय यायच्या आत बैठक संपली.

आवणी ऐन भरात असताना, सकाळच्या कामाला नुकता हात लागला होता तेव्हा, कमळूच्या पोरीला, आरतीला, नाग डसला. पोर आठ-नऊ वर्षांची, आईच्या पाठीमागे रोपांच्या जुड्या टाकत होती. कमळूनं बांधावर फणा पाहिला, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. त्याची बायको लहानी, पोरीला पोटाशी धरून धावत सुटली ती सवयीनं पोश्याच्या दारात. जुनी सवय पायांना असते.

पोश्यानं पोरीला ओटीवर टेकवू दिलं नाही. तिला लहानीच्या हातातून घेऊन खांद्यावर टाकलं आणि तो स्वतःच डोंगर उतरू लागला. त्या वयात, त्या निसरड्या वाटेनं तो पळाला. खाली येईपर्यंत पोरीच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

भागीरथीबाईंना कुणीतरी कळवलं. त्या चिखलाच्या पायांनी केंद्रात पोचल्या तेव्हा डॉक्टर मिताली पोरीच्या तोंडावर श्वास द्यायचा फुगा धरून दाबत होत्या आणि कानाला फोन होता. तालुक्याची रुग्णवाहिका घाटाकडे, वैशाखऱ्याला एका अपघातावर गेलेली. भागीरथीबाईंनी विचारलं, लस दिली ना?

"लस इथे नाही, ताई. मागच्या महिन्यात सगळा साठा वर पाठवला. समितीचा ठराव आला होता." डॉक्टर त्यांच्याकडे न बघता बोलल्या. "मी दोनदा कळवलं की इथलं राहू द्या. म्हणाले, ठराव सर्वानुमते आहे."

 आपण हात वर केला होता तो कशाला, हे भागीरथीबाईंना त्या क्षणी कळलं.

भाड्याची जीप मिळाली. डॉक्टर फुगा दाबत मागे बसल्या, कमळू पोरीचे पाय मांडीवर घेऊन बसला. अर्ध्या वाटेत, खड्डे चुकवता चुकवता, आरती गेली. जीप तिथूनच मागे फिरली. केंद्राच्या पायरीवर लहानी आणि पोश्या बसून होते. जीप इतक्या लवकर परत आलेली पाहून लहानीला सांगायची गरज पडली नाही.

पाड्यानं भागीरथीबाईंना शिव्या दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. पण त्यांना कुणी काही बोललं नाही. लोक बोलले ते पोश्याला. तू हात बांधून बसलास, म्हणाले. तुझ्या बापानं बसून पाहिलं असतं का? कमळू तर त्याच्या सावलीलाही उभा राहीना. दहावं झालं आणि पोश्या आंबेशेतला आला, भागीरथीबाईंच्या ओटीवर टेकला. फडक्यात तांदूळ बांधून आणले होते.

"मला मोकळा करा," तो म्हणाला. "वाचवीन म्हनून नाय मागत. तुमाला ठाऊक हाय. पन ती पोर रस्त्यात गेली, गाडीत, परक्या मानसात. माझ्या दारात असती तर आईच्या मांडीवर गेली असती. एवढा तरी मी देत व्हतो."

भागीरथीबाईंना रडू आवरेना. तरी त्यांनी तांदळाला हात लावला नाही. याला मोकळं केलं की पाडा पुन्हा खाली उतरणार नाही, हे त्यांना लख्ख दिसत होतं. मग लस परत आली तरी तिचा काय उपयोग? त्यांनी हात जोडून मुदत मागितली. पुढच्या बैठकीपर्यंत थांब, मी लस परत आणते. पोश्यानं फडकं पुन्हा बांधलं आणि तो गेला.

बैठकीत भागीरथीबाई उभ्या राहिल्या आणि कुणाची पाळी आहे हे न बघता बोलल्या. आरतीचं नाव घेऊन बोलल्या. एकदोघांनी माना खाली घातल्या. मुख्य साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्यानं खेद व्यक्त केला, पाणी पाठवलं, आणि समजावलं, की ठराव मंजूर होऊन वर गेला आहे, त्याचा फेरविचार तिमाही आढाव्यातच करता येईल. सचिवानं हळूच आठवण करून दिली, की अनुमोदक म्हणून आपलंच नाव आहे, बाई. भागीरथीबाई खाली बसल्या. एवढं मेल्याहून मेल्यासारखं त्यांना उभ्या जन्मात झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या पाड्यावर गेल्या. पोश्यानं विचारलं, औषध आला काय? खोटं बोलता आलं असतं. पण कणसरीपुढे दिलेला एक शब्द मोडून झाला होता, आता वर खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं. नाही आलं, त्या म्हणाल्या. चारचौघे जमले. भागीरथीबाईंनी ओंजळीत तांदूळ घेतले आणि त्याला मोकळं केलं. घरी येऊन त्या जेवल्या नाहीत. सावळाराम दारात घुटमळले, त्यांनीही चेष्टा केली नाही.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत म्हणवत नाही, पण त्यानंतर पंधरा दिवसांत लस आली. डॉक्टर मितालींनी फोन करून करून साहेबाला भंडावून सोडलं होतं आणि बैठकीतलं ते बोलणं साहेबाच्याही जिव्हारी लागलं असावं. त्यानं आढाव्याची वाट न बघता, आपल्या अधिकारात, तात्पुरता म्हणून थोडा साठा केंद्राला परत दिला. डॉक्टरांनी फ्रिज उघडून बाटल्या दाखवल्या तेव्हा भागीरथीबाईंनी त्या एकदा बोटानं चाचपल्या आणि तशाच पाड्याकडे निघाल्या.

वर पोचल्या तो पोश्याच्या ओटीपुढे ही गर्दी. संजूची बायको सरू, उंबरमाळीकडून यंदाच लग्न होऊन आलेली, ओटीवर आडवी. शेतातून येताना पाण्यात तिच्या घोट्याला काहीतरी डसलं होतं. तिला नुसतं शेपूट दिसलं. घामानं डबडबली होती, डोळे फिरवत होती, हातपाय थरथरत होते. भागीरथीबाई गर्दीत घुसल्या आणि सांगू लागल्या, की लस आली आहे, आत्ता डोळ्यांनी बघून आले, उचला हिला.

संजू वाट अडवून उभा राहिला. "आरतीच्या वेळंला पन औषध हाय असाच ठाऊक व्हता आमाला."

 आत पोश्या सरूचा घोटा हातात घेऊन बघत होता. त्यानंही वर बघून सांगितलं, की दवाखान्यात न्या, लस हाय म्हणतात तर न्या. पण आता त्याचंही कुणी ऐकेना. तू मोकळा झालास ना, म्हणाले, मग बस. कमळू सगळ्यांत पुढे होता. त्यानं पोश्याचा हात धरून त्याला खाली बसवलं आणि सूप त्याच्यापुढे सरकवलं. पोश्यानं भागीरथीबाईंकडे एकदा पाहिलं आणि तांदूळ हातात घेतले.

भागीरथीबाई अंगणात बसून राहिल्या. देवाला हात जोडून त्यांनी सरूचं आयुष्य मागितलं. दुसरं काही मागायचं सुचलंही नाही. दुपार कलली तेव्हा सरू उठून बसली, पाणी प्यायली, आणि भूक लागली म्हणाली.

पाड्यानं मग जो जल्लोष केला, तो काय सांगावा. कोंबडं कापलं, नारळ फुटला, बायकांनी पोश्याला ओवाळलं. कमळू त्याच्या पायांवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडला, की माझ्या पोरीच्या वेळी तू मोकळा असतास तर. लहानी त्याच्या मागे उभी होती. ती रडत नव्हती. ती फक्त पोश्याच्या हातांकडे बघत होती.

गर्दी पांगल्यावर पोश्या भागीरथीबाईंना पोचवायला वाटेपर्यंत आला. दिवड होता तो, म्हणाला. बारीक दातांची सगळी ओळ उमटली होती. दिवडाला ईख नसतं, पोरगी भीतीनंच गळाली होती. भागीरथीबाई म्हणाल्या, मग सांग ना त्यांना. "सांगितला," पोश्या म्हणाला. "म्हनतात, भगत मोठा झाला का असाच बोलतो."

सरूची गोष्ट ओढ्याओढ्यानं पसरली. पलीकडच्या पाड्यांवरून लोक पोश्याकडे येऊ लागले. कुणाला धामण चावलेली, कुणाला पाणसाप, कुणाला तर नुसता काटा रुतलेला. सगळे बरे होऊन गेले. केंद्राच्या ओसरीवर पाड्याचं माणूस दिसेनासं झालं. तापाची पोरं येईनात, पोटुशा सुना येईनात. सापाच्या वाटेनं जे आलं होतं ते सगळं त्याच वाटेनं परत गेलं. डॉक्टर मिताली स्कूटरवरून पाड्यावर जायच्या, दारं पुढे ओढून घेतलेली असायची.

तिमाही आढावा आला. पडद्यावर पुन्हा रंगीत खांब. आंबेशेत केंद्रापुढे मात्र खांबच नव्हता, कारण परत दिलेल्या लशीतली एकही बाटली वापरली गेली नव्हती. साहेबानं सौम्यपणे भागीरथीबाईंना विचारलं, की आपण एवढ्या तळमळीनं मागितलीत, मग काय झालं? त्यांनी सांगायचा प्रयत्न केला. भगत, तांदूळ, दिवड. निम्मं बोलून होईतो साहेबांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, जे पाड्यांबद्दल ऐकताना नेहमी येतं. उलट अंधश्रद्धा निर्मूलनाचा एक कार्यक्रम त्या भागात घ्यावा, असं ठरलं. लशीच्या बाटल्या मोठ्या रुग्णालयात परत न्याव्यात, असंही ठरलं. भागीरथीबाईंनी ठासून विरोध केला. सचिवानं तो लिहून घेतला आणि सूचक-अनुमोदकांच्या पाळीप्रमाणे ठराव मंजूर झाला.

त्या तडक पाड्यावर गेल्या. भात पिवळं पडायला लागलं होतं, म्हणजे कापणीचे दिवस आले होते, आणि कापणीत पायाखाली काय असेल याचा नेम नसतो. पोश्या ओटीवर बसून दोर वळत होता. लस उद्या परत जाणार, एवढंच त्यांनी सांगितलं. त्याचे हात थांबले. 

"आता सगळी माझ्याकडंच येनार," तो म्हणाला. "हाकलली तरी नाय जानार. आजपर्यंत दिवड आला, धामन आली, माझा निभावला. बाय, उद्या कोनी नागाचा आनला, तर मी त्याच्या आईला काय सांगू?"

 विळे घेऊन शेताकडे निघालेल्या बायका वाटेत थांबून पोश्याच्या पाया पडल्या, पुढे गेल्या, आणि त्यानं मान वर केली नाही.